कुणाला त्रास नको म्हणून

होक्काइदोच्या पूर्व टोकाला गाई पाळणाऱ्यांची एक वस्ती होती. 'होती' असं लिहिताना मला आजही राग येतो, कारण घरं अजून उभी आहेत, गोठ्यांची छपरं शाबूत आहेत आणि माणसंही जिवंत आहेत. दुष्काळ पडला नाही, रोगाची साथ आली नाही, कुणी कुणाला हाकलून दिलं नाही. तरी वस्ती मेली. ती कशी मेली हे मी गमबूट घालून, हातात गाईचे सड पुसायचं फडकं घेऊन, समोर उभं राहून पाहिलंय. त्यामुळे मला कुणी खेड्यांची समस्या समजावून सांगायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेल्या वर्षी तोक्योत, हिगाशी-कसाईच्या गणपतीत एक गृहस्थ अशीच समस्या समजावत होते. म्हणाले, "तिकडे माणसंच उरली नाहीत हो, कोण काय करणार!" मी पानातला मोदक तसाच ठेवून उठले.

मी मूळची पुण्याची. गाईशी माझा संबंध दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापण्यापुरता. नवरा मातीवर संशोधन करतो. क्योतोला त्याची पीएचडी झाली, मग काही वर्षं आम्ही ओसाकाला होतो, आणि मग त्याला एका संशोधन केंद्रात नोकरी मिळाली. हे केंद्र कुठे आहे म्हणून मी नकाशावर बोट सरकवत गेले तर कागदच संपला. जवळचं कोंबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान, गाडीने अर्ध्या तासावर. एप्रिलमध्ये बर्फ, जुलैमध्ये धुकं. पहिल्या हिवाळ्यात मी घरातल्या सगळ्या बरण्या तीनदा घासल्या आणि मग ठरवलं की काहीतरी काम धरलं नाही तर मला वेड लागेल.

तिथे मिळण्यासारखं काम एकच होतं. गाईला रविवार नसतो. पहाटे आणि संध्याकाळी धार काढावीच लागते, मग घरात लग्न असो की मयत. म्हणून त्या भागातल्या गोठेवाल्यांनी मिळून एक सोय केली होती. ज्या घराला एखादा दिवस बाहेर जायचं असेल त्यांच्या गोठ्यात बदली माणूस जायचा. त्याला म्हणायचे हेल्पर. मी हेल्पर झाले. पहिल्याच दिवशी आमच्या मुकादमांनी मला दोन नियम सांगितले. एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना गमबूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे रोग पसरत नाही. आणि एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. दोन्ही नियम मला तेव्हा अगदी पटले होते.

माझ्या वाट्याला आलेल्या वस्तीत तेव्हा तीन घरं उरली होती. एक लाल छपराचं. तिथे सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं राहायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना काका-काकू म्हणायचे. दुसरं घर अध्यक्षांचं. वस्तीचे अध्यक्ष म्हणून अध्यक्ष. गोठा सगळ्यात मोठा, नवीन यंत्रं, आणि बोलणं इतकं गोड की काय म्हणाले ते नंतर आठवायचंच नाही. तिसरं घर टेकडीच्या पायथ्याशी. तिथे एक विधवा बाई एकट्या राहायच्या. त्यांची मुलगी ओसाकाला नोकरी करायची. तिघांकडेही मला 'हेल्पर-सान' म्हणायचे आणि तिघांकडेही निघताना हातात काहीतरी ठेवायचे. बटाटे, भोपळा, नाहीतर ताज्या दुधाची बाटली.

बाईंनीच मला वस्तीची गोष्ट सांगितली, धार काढता काढता, तुकड्या-तुकड्याने. युद्ध संपल्यावर सरकारने त्यांच्या वडिलांसारख्या कितीतरी लोकांना तिकडे पाठवलं. जमीन दिली म्हणजे काय, नकाशावर पेन्सिलने आखलेला जंगलाचा तुकडा दिला. झाडं तोडायची, खोडं घोड्यांनी ओढून काढायची आणि पेरायचं. घेवडा पेरला, मका पेरला. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं यायचं आणि काही पिकायचंच नाही. अर्धे लोक परत गेले. उरलेल्यांच्या लक्षात आलं की इथे गवत तेवढं येतं, तर गवत खाणारं काहीतरी पाळू. पहिली गाय वस्तीत चालत आली तेव्हा मास्तरांनी शाळा सोडून दिली. बाई तेव्हा लहान होत्या. त्या गाईच्या मागोमाग तिच्या गोठ्यापर्यंत गेल्या आणि जेवायलाही घरी आल्या नाहीत.

मग वस्ती वाढली. पन्नासच्या वर घरं झाली. दूधसंकलन केंद्र आलं, वीज आली, दुकान आलं, शाळेला दुसरी खोली बांधावी लागली. ऑगस्टमध्ये मैदानात नाच व्हायचा, त्याला शेजारच्या वस्त्यांतली पोरं पोरी बघायला यायची. बाईंचं लग्न तिथेच जमलं. गाईंच्या प्रदर्शनात त्यांच्या नवऱ्याच्या गाईला पहिला नंबर मिळाला तो फोटो त्यांच्या स्वयंपाकघरात होता. त्यात नवरा कमी दिसतो, गाय जास्त.

आता मला कुणी सांगेल का, अशी वस्ती आपोआप कशी मोडते? आपोआप नाहीच मोडली. मधल्या काळात सरकारी कचेरीतून माणसं यायला लागली. हसतमुख, वाकून नमस्कार करणारी, घरात शिरताना चपला नीट बाहेर तोंड करून ठेवणारी. ती सांगायची, मोठे व्हा. लहान गोठ्यांचे दिवस गेले. दोघांनी मिळून एक व्हा, दुप्पट गाई घ्या. ज्यांना मोठं होणं जमलं नाही ते गेले. जे मोठे झाले ते थकले. आणि मी तिथे असतानाच त्याच कचेरीतला माणूस तसाच वाकून, तशाच चपला लावून आला आणि म्हणाला, दूध जास्त झालंय, गाई कमी करा. टीव्हीवर सांगत होते, सगळ्यांनी रोज एक पेला दूध जास्त प्या. मी त्या दिवसांत घरात इतका चक्का टांगला की नवरा म्हणाला, आपल्या खिडक्यांना पडदे आहेत की चक्के? माझ्या एकटीच्या श्रीखंडाने देशाचं दूध थोडंच संपणार होतं. पण काहीतरी करावंसं वाटायचं, कारण त्या आठवड्यात मी अध्यक्षांच्या गोठ्यातून चांगल्या, दुभत्या, तरण्याताठ्या गाई ट्रकमध्ये चढताना पाहिल्या होत्या. अध्यक्षांनी ट्रकवाल्याला वाकून म्हटलं, तुम्हाला त्रास दिला.

या 'त्रासा'वरच सगळं अडलं. त्यांच्या भाषेत त्याला 'मेइवाकु' म्हणतात. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. तो कुणाला होऊ द्यायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण. मला सुरुवातीला हे फार आवडलं होतं. ट्रेनमध्ये फोनवर कुणी बोलत नाही, कचरा पाच पिशव्यांत वेगळा करतात, मी पुण्याला फोन करून सगळ्यांना ऐकवायचे. आता तो शब्द ऐकला तरी माझे कान गरम होतात.

वस्तीचा जीव होता टेकडीवरच्या कुरणात. ते सगळ्यांचं मिळून होतं. जून लागला की प्रत्येक घरच्या कालवडी वर सोडायच्या आणि ऑक्टोबरात खाली आणायच्या. वर जनावरं चरत असताना खालच्या शेतातलं गवत कापून मुरघास करायचा, तो हिवाळाभर पुरायचा. ज्यांच्याकडे जमीन कमी, त्यांचा गोठा या कुरणाशिवाय चालूच शकायचा नाही. बाईंची जमीन कमी होती. बर्फ वितळला की सगळी वस्ती मिळून कुंपण दुरुस्त करायची. घण घेऊन खांब ठोकायचे, तार ओढायची. घरं कमी झाली तरी कुंपण काही आखूड झालं नाही. शेवटच्या वर्षी काका गुडघ्याला पट्टा बांधून खांब ठोकत होते. जमीन नगरपालिकेची होती आणि नगरपालिकेची अट साधी होती. कुरण वापरणारी निदान दोन घरं हवीत. एकच घर उरलं तर कुरण बंद.

सप्टेंबरात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी लाल छपराच्या घरी जात होते. काका म्हणाले, "हेल्पर-सान, आम्ही येत्या वसंतात गोठा बंद करतोय. गुडघे ऐकत नाहीत. पण कुणाला सांगू नका. आम्ही जाणार कळलं की बाकीच्या दोघांचा धीर सुटेल. ते दोघे आहेत तोवर कुरण चालतंय, आमच्यामुळे त्यांना उगाच त्रास नको." मला वाईट वाटलं. मी मान डोलावली आणि बाहेर पडताना गमबूट बुडवले.

दोनच आठवड्यांनी अध्यक्षांकडे पाळी होती. दुधाच्या नळ्या धुताना त्यांच्या बायकोने नळ जरा मोठा सोडला आणि मग बोलली. "जानेवारीत आमच्या सगळ्या गाई शेजारच्या जिल्ह्यातली एक कंपनी नेतेय. शब्द दिलाय. पण एवढ्यात बोलू नका हं. लाल छपराचे आणि टेकडीखालच्या बाई, दोघंही किती कष्टाने चालवतात. अध्यक्षच चालले कळलं तर त्यांना काय वाटेल? ती दोन घरं आहेत, कुरणाला काही धक्का नाही." मी नळीत ब्रश घालून उभी राहिले. माझ्या डोक्यात तीनातून दोन वजा झाले, उरलं एकच घर.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, तू यात पडू नकोस. लोकल मॅटर आहे. त्यांचं ते बघून घेतील."

"कसं बघून घेतील? एकमेकांना सांगतच नाहीत!"

"सांगतील ना. वेळ आली की."

मला वाटलं, असेल बाबा. या लोकांची काहीतरी पद्धत असेल, मला दिसत नसेल. पंधरा दिवस मी स्वतःला हेच समजावत होते.

मग कालवडी खाली आणायच्या आठवड्यात बाईंनी मला बोलावलं. किती वर्षांनी त्या एक दिवस सुट्टी घेत होत्या. मुलगी आणि जावई ओसाकाहून आले होते. मुलगी पस्तिशीची, आईसारखीच बुटकी, हसताना नाक मुरडणारी. तिने गोठ्यात शिरल्याबरोबर चपला काढून आईचे गमबूट घातले आणि माझ्या हातातलं फडकं घेतलं. जावई ट्रॅक्टरच्या खाली आडवा झाला होता, बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. दुपारी त्या तिघांनी गोठ्यामागच्या खोलीत टेप लावून मापं घेतली. मुलीने मला खिडकीजवळची जागा दाखवली. म्हणाली, "इथे पाळणा. इथून मला गाई दिसतील." तिला तिसरा महिना होता. एप्रिलमध्ये दोघंही नोकरी सोडून कायमचे येणार होते. हे गेल्या हिवाळ्यापासूनच ठरत होतं, आता ओसाकातल्या घरमालकाला सांगूनही झालं होतं.

ती दोघं गेल्यावर बाईंनी मला चहा दिला. चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आणि मग त्या माझ्या जवळ सरकून म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं. लाल छपराचे आणि अध्यक्ष, दोघेही थकलेत. मनातून थांबावंसं वाटत असेल. माझी मुलगी येतेय कळलं, तर माझ्यासाठी त्यांना ओढत राहावं लागेल. माझ्यामुळे त्यांना त्रास नको."

मी कप खाली ठेवला. तिन्ही घरांच्या तिन्ही गोष्टी माझ्या एकटीच्या पोटात होत्या, आणि तिन्हींची अट एकच. अळीमिळी गुपचिळी. मला ओरडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "योग्य वेळी बोलेन." योग्य वेळ! त्या देशात योग्य वेळ ही सगळं संपल्यावर येते.

कालवडी खाली आल्या त्या दिवशी ऊन होतं. बाईंच्या कालवडी चकचकीत झाल्या होत्या, पाठीवर हात ठेवला तर घसरावा अशी. अध्यक्षांनी थोड्याशाच वर सोडल्या होत्या, काकांनी त्या वर्षी एकही नाही. ते बघून तरी कुणी विचारावं की नाही? नाही. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी हवामानाबद्दल चर्चा केली. मग कुरणाच्या फाटकाजवळच्या खोपटात जेवण. दरवर्षीसारखं लोखंडी तव्यावर मटण भाजायचं. माझ्यासाठी काकू कडेला कांदा आणि भोपळा लावायच्या. नगरपालिकेचा एक तरुण कारकूनही आला होता. सगळ्यांच्या हातात पेले आल्यावर अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "यंदाही सगळ्यांच्या कृपेने सगळं नीट पार पडलं. पुढच्या वर्षीही असंच सगळ्यांनी मिळून करू या."

सगळे म्हणाले, करू या. काकासुद्धा म्हणाले.

तिथे माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले. रागात मला आदरार्थी क्रियापदं सुचत नाहीत. गाईंना हाकताना जी जपानी वापरायचे तिच्यातच मी बोलले.

"पुढच्या वर्षी कोण आहे इथे? अध्यक्षांच्या गाई जानेवारीत जाणार. काका वसंतात गोठा बंद करणार. आणि बाईंची मुलगी एप्रिलमध्ये येतेय, कायमची, गाई सांभाळायला. तिला कुरण लागणार. आता बोला! एकमेकांशी बोला, माझ्याशी नको!"

तव्यावरचं मटण करपायला लागलं तरी कुणी ते परतलं नाही. कारकुनाने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता भडका उडेल. कुणीतरी कुणाला तरी विचारेल, अहो, मला सांगितलं का नाही? मी वाट बघत होते. अध्यक्षांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघून खाली वाकले. "हेल्पर-सान, तुम्हाला काळजीत टाकलं. माफ करा." मला! मग त्यांची बायको वाकली. मग काकू. मग बाईंनी काकांची माफी मागितली आणि काकांनी बाईंची. सगळे एकमेकांपुढे वाकत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं.

शेवटी काकांनीच अगदी हळू विचारलं, "मुलगी येतेय?"

"हो," बाई म्हणाल्या, "म्हणजे तसं ती म्हणत होती."

काकांनी तव्यावरचा एक करपलेला तुकडा कडेला ओढला. "यंदाच्या वसंतात कळलं असतं तर मी गाई भरवल्या असत्या," ते म्हणाले.

याचा अर्थ तिथे सगळ्यांना कळला, मलाही कळला. गाय गाभण राहिली नाही तर व्यायची नाही, आणि व्याली नाही तर दूध नाही. गोठा बंद करायचा तर आधी रेतन थांबवतात, मग एकेक गाय आटत जाते. काकांनी वसंतापासून एकही गाय भरवली नव्हती. कालवडी उन्हाळ्यातच विकून टाकल्या होत्या. आता ठरवलं असतं तरी तो गोठा पुन्हा सुरू होणार नव्हता. काका म्हणाले, "मुलगी येणार म्हटल्यावर मी अजून दोन-तीन वर्षं काढली असती. रांगत काढली असती धार."

मी अजून हार मानली नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, गाई नाहीत ना, मग बाईंच्याच दोन कालवडी काकांच्या नावावर लावा. कागदावर दोन घरं होतील. कुरण चालू राहील, पुढचं पुढे बघू. आमच्याकडे असला प्रश्न चहा निवायच्या आत सुटला असता. आणि खरं सांगते, कारकून पोरगा शहाणा होता. तो मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लागला. आपण काही ऐकलंच नाही असं दाखवायची त्याची तयारी होती. पण काकांनी मान हलवली. "ते खोटं होईल. उद्या काही झालं तर या तरुण माणसाला त्रास होईल."

तो तरुण माणूस वळला आणि काकांपुढे वाकला. मी माझी बशी उचलली आणि बाहेर जाऊन कुंपणाशी उभी राहिले. कांदा करपला होता तो तसाच खाल्ला.

दोन दिवसांनी मुकादमांनी बोलावलं. नियम मोडला वगैरे काही म्हणाले नाहीत. म्हणाले, तुम्ही थकलेल्या दिसता, काही महिने विश्रांती घ्या. म्हणजे काढून टाकलं. घरी नवरा म्हणाला, "तू बोललीस ते बरोबरच होतं. बट इथे असं चालत नाही."

"मग काय चालतं इथे? वस्ती मेलेली चालते?"

तो गप्प बसला. त्या आठवड्यात मला गप्प बसणाऱ्या कुठल्याही माणसाला धरून हलवावंसं वाटत होतं.

नोव्हेंबरात बाईंच्या मुलीचा फोन आला. विमानतळावरून घ्यायला येता का, आईला गोठा सोडता येत नाही. मी गेले. मनात म्हटलं, आली एकदाची. ही आता ओसाकाची झालीय, तिकडची माणसं तोंडाची तिखट, ही आता एकेकाला झापणार. ती आली ती हातात तीन मोठ्या पिशव्या घेऊन. पिशव्यांत मिठाईचे खोके होते, सुंदर कागदात बांधलेले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला ना," ती म्हणाली. "माफी मागायला जायचंय. न्याल का?"

मी तिला घेऊन गेले. काय करणार? अध्यक्षांच्या दारात ती वाकली, म्हणाली, माझ्या मनात आलेल्या विचारामुळे तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, माफ करा. अध्यक्ष म्हणाले, छे छे, आमचंच चुकलं. त्यांच्या बायकोने आतून एक खोका आणला. त्यांनीही तयार ठेवलाच होता, माफीसाठी. लाल छपराच्या घरी तेच. काका गुडघ्यामुळे नीट वाकू शकत नव्हते तरी भिंतीला धरून वाकले, आणि काकूंनी खोका पुढे केला. माझ्या गाडीत आता जितके खोके नेले होते तितकेच परत आले होते, फक्त कागद वेगळे होते. मी गाडीचं दार इतक्या जोरात लावलं की काच हादरली.

आम्ही टेकडीकडे निघालो. कुरणाच्या फाटकावरून गेलो. नगरपालिकेने कुलूप लावून 'पुढच्या वर्षापासून बंद' अशी पाटी टांगली होती, आत हरणं चरत होती. हरणांना कुणाचीच परवानगी लागत नाही. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे लोक भांडतात का? शेजारी शेजारी?"

"रोज," मी म्हटलं. "जिन्यात चपला ठेवण्यावरून भांडतात. पाण्याच्या टाकीवरून भांडतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई आणि माझी आई एकोणीस वर्षं भांडतायत."

"आणि तरी तिथेच राहतात?"

"तरी तिथेच राहतात. एकीला ताप आला की दुसरी शिव्या देत खिमट करून आणते."

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "किती छान." अगदी मनापासून म्हणाली.

घरी बाई दारातच उभ्या होत्या. मी परत फिरणार होते, पण त्यांनी आग्रहाने आत नेलं. गोठ्यामागच्या त्या खोलीत कुणीतरी गवताच्या दोऱ्यांची रिळं रचून ठेवली होती. मुलीने आत डोकावून पाहिलं आणि दार ओढून घेतलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मला वाटलं, आता चौथं माणूस नाही, परकं कुणी नाही, मी आहे ती आधीच बदनाम आहे. आता तरी ही आईला विचारेल. माझं घर होतं हे, माझं पोर इथे वाढणार होतं, आणि शेजाऱ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तू तोंड शिवून बसलीस? विचार, विचार, मी मनात म्हणत होते.  तिचे हात मुठीत वळले होते.

तेवढ्यात बाई चुलीपाशी उभ्या होत्या त्या खाली बसल्या. जमिनीवर दोन्ही तळवे टेकवले आणि आपल्या पोटच्या पोरीपुढे कपाळ टेकून म्हणाल्या, "माझ्यामुळे तुला फार त्रास झाला."

मुलीने मुठी सोडल्या. खुर्चीवरून उतरली, पोटाला जपत जपत गुडघ्यांवर बसली, तळवे टेकवले आणि आईइतकीच खाली वाकून म्हणाली, "नाही, मीच तुला त्रास दिला."